विश्लेषण : शेडमधली पन्नास वर्षांची गाडी विकण्याआधी नवी करावी का?

चिखलीहून कुठल्याही दिशेने निघा. खामगाव, मेहकर, जालना किंवा बुलढाणा. गाव संपतासंपता एखाद्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली एक जीप दिसतेच. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, आता बॅटरी काढून विटांवर उभी केलेली. कुणाकडे जीपऐवजी राजदूत असते, कुणाकडे फियाट. गेल्या काही वर्षांत या गाड्यांकडे दोन प्रकारची माणसं येऊ लागली आहेत. एक भंगारवाला, जो किलोवर भाव सांगतो. दुसरा शहरातून आलेला गिऱ्हाईक, जो मोबाईलवर फोटो काढतो, चेसिस नंबर विचारतो आणि ‘रिस्टोअर करून दिली तर बघू’ असं म्हणून निघून जातो.

त्याच्या शब्दावर गाडी गॅरेजला लावणारे बरेच आहेत. नवा रंग, नव्या सीटा, नवीन हूड, जमल्यास नवं इंजिन. पैसे गेल्यावर कळतं की गाडी चकचकीत झाली, पण कायद्याच्या नजरेत तिची किंमत वाढायच्या ऐवजी घटली. हे का होतं, हे समजून घेण्यासाठी २०२१च्या एका नियमापासून सुरुवात करावी लागते.

‘विंटेज’ कोणती गाडी?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि देशात पहिल्यांदा विंटेज वाहनांची एकसारखी व्याख्या आली. तोवर प्रत्येक राज्याचा आरटीओ आपल्या पद्धतीने अशा गाड्या हाताळत होता. नव्या व्याख्येनुसार व्यक्तिगत वापराची दुचाकी किंवा चारचाकी, पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षांहून जुनी असेल तर ती विंटेज. पण त्याला एक अट जोडलेली आहे आणि या लेखाचा सगळा जीव त्या अटीत आहे. गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि तिच्यात मोठी फेरबदलाची दुरुस्ती झालेली नसावी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात केलेला बदल या ‘मोठ्या दुरुस्ती’त मोडतो.

बोलीभाषेतला आणि संग्राहकांचा ‘विंटेज’ मात्र वेगळा आहे. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या मंडळींसाठी विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली मोटार. आपल्याकडचे क्लब साधारण १९४० ही रेषा मानत आले, त्यानंतरची गाडी त्यांच्या लेखी ‘क्लासिक’. त्यामुळे मुंबईच्या एखाद्या संग्राहकाला ‘माझ्याकडे विंटेज जीप आहे’ असं फोनवर सांगितलं तर तो मनातल्या मनात हसण्याची शक्यता आहे. कायद्याच्या भाषेत मात्र तुम्ही बरोबर असू शकता.

कायद्याच्या रेषेत एक गंमत आहे. ती दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. २०२१ मध्ये नियम आला तेव्हा १९७१ची गाडी त्यात बसत होती. २०२६ मध्ये ही रेषा १९७६पर्यंत पोहोचते. म्हणजे राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस आणि पॅकार्ड मागे पडल्या आणि मध्यमवर्गीयांच्या गाड्या रांगेत आल्या. फियाट, अॅम्बेसेडर, येझदी, राजदूत, १९७२ मध्ये बाजारात आलेली बजाज चेतक. शिक्षकाने प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेली स्कूटर आता कागदोपत्री वारसा ठरू शकते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या नियमाचा खरा संबंध अशा गाड्यांशीच येतो.

व्हीए क्रमांक घेतला तर काय मिळतं, काय जातं?

गाडीची नोंदणी आधीपासून असेल तर विंटेज नोंदणीतही तिचा मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. नव्याने नोंदणी करायची असेल तर राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरं, मग दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ मधला आकडा, असा क्रमांक मिळतो. अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा, सोबत विमा, जुनं आरसी बुक आणि गाडी परदेशातून आणलेली असेल तर आयातीची कागदपत्रं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये. प्रमाणपत्र ६० दिवसांत द्यावं, असं नियम म्हणतो.

बदल्यात सोडावं लागतं ते रोजचं चालवणं. विंटेज नोंदणीची गाडी रस्त्यावर नियमित वापरता येत नाही, धंद्यासाठी तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, दुरुस्ती आणि या ठिकाणी जाणं-येणं एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. चिखलीच्या सोमवारच्या कामांना जीप घेऊन जायची असेल, शेतावर खताची पोती न्यायची असतील, तर व्हीए क्रमांक उपयोगाचा नाही.

मग सगळ्या जुन्या गाड्यांना विंटेजच व्हावं लागतं का? नाही. इथे एक गैरसमज इतका रुजला आहे की तो आधी काढायला हवा. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हा नियम बुलढाणा जिल्ह्याला लागू नाही. पेट्रोलसाठी १५ आणि डिझेलसाठी १० वर्षांची बंदी हा दिल्ली आणि राजधानी परिसराचा विषय आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती दर ५ वर्षांनी वाढवता येते. सक्ती झाली ती सरकारी गाड्यांवर. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. तहसीलच्या आवारातल्या जुन्या जीपगाड्या त्यात गेल्या.

नूतनीकरण स्वस्त मात्र राहिलेलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील वाहनांसाठी ते पुन्हा वाढलं : हलक्या मोटार वाहनाला १०,००० रुपये, मोटारसायकलला २,०००. सरकारचा हेतू उघड आहे, लोकांनी जुनी गाडी सोडावी. पण या वाढीचा एक न ठरवलेला परिणाम असा की व्हीए नोंदणीचे २०,००० रुपये आता पूर्वीइतके डोळ्यांवर येत नाहीत.

इंजिन बदललेली जीप : विदर्भातला खरा पेच

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. मूळ इंजिन पेट्रोलचं. ताकदवान, साधं, पण पेट्रोल पिणारं. डिझेल स्वस्त होतं त्या काळात गावोगावच्या मालकांनी ते पेट्रोल इंजिन काढलं आणि डिझेलचं बसवलं. कधी महिंद्राचंच नंतरचं, कधी दुसऱ्या गाडीचं. मिस्त्रीने माउंटिंग कापून वेल्डिंग केलं, गिअरबॉक्स जुळवला आणि गाडी आणखी पंचवीस वर्षं धावली. त्या काळच्या हिशेबाने हे शहाणपणच होतं. याच जुगाडामुळे त्या जीपा आजवर टिकल्या. नाहीतर त्या तेव्हाच भंगारात गेल्या असत्या.

पण २०२१च्या व्याख्येसमोर ही जीप अडते. इंजिन मूळ नाही, अनेकदा बॉडीही नाही, कारण मागे सहाऐवजी दहा माणसं बसावीत म्हणून ती लांबवलेली असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वेगळंच दार बंद करतं. निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आधी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी आणि मग आरसीवर नोंद. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचलं आणि त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अशी तरतूद आली.

म्हणून जीप पाहताना पहिला प्रश्न ‘चालू होते का’ हा नसतो. आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय, इंजिन क्रमांक कोणता लिहिलाय आणि प्रत्यक्ष ब्लॉकवर कोणता ठोकलाय, हा असतो. दोन्ही जुळले तर गाडीची जात वेगळी. जुळत नसतील, पण बदलाची नोंद आरसीवर असेल, तर गाडी कायदेशीर आहे, पण तिला विंटेज म्हणून विकणं अवघड. नोंदच नसेल, तर नवा रंग मारून काहीही साधत नाही, कारण हस्तांतरणाच्या वेळी आरटीओ क्रमांक तपासणारच.

सैन्याच्या लिलावातून आलेल्या गाड्यांचा आणखी एक गुंता आहे. जबलपूरच्या कारखान्यात बनलेल्या जोंगा किंवा लष्करी जीपा अनेक शेतकऱ्यांनी लिलावात घेतल्या. गाडी बनली समजा १९७० मध्ये, पण मुलकी नोंदणी झाली १९९० मध्ये. नियमाची भाषा ‘पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षं’ अशी आहे. अशा गाडीचं वय कुठून मोजायचं, यावर वाद होऊ शकतो आणि विक्रेत्याने त्यासाठी तयार राहावं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या फार जुन्या गाड्यांना इतिहासाची एक गाठही आहे. हा जिल्हा वऱ्हाडचा. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, मग तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता. त्यानंतर मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. १९५५ मध्ये पासिंग झालेल्या जीपचं पहिलं पुस्तक आजच्या महाराष्ट्राच्या नावाचं असणं शक्यच नाही. असं मूळ पुस्तक कुणाच्या ट्रंकेत निघालं तर ते फाटकं आहे म्हणून टाकू नका. जाणकार गिऱ्हाईक नव्या रंगाला नाही, त्या पिवळ्या पडलेल्या कागदाला पैसे देतो.

मग दुरुस्ती करावी तरी किती?

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या व्यवहारात गेल्या दोन-तीन दशकांत एक बदल झाला आहे. पूर्वी गाडी शोरूममधून आताच बाहेर पडल्यासारखी दिसली की तिला मान होता. आता न छेडलेल्या गाडीला वेगळा मान मिळू लागला. जुना रंग उडालेला असला तरी तो कारखान्यातला आहे, सीटचं रेक्झीन फाटलंय पण पहिलं आहे, याला किंमत आली. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, फिवाची, ‘ट्यूरिन सनद’ जतन, संवर्धन आणि पुनर्बांधणी यांत स्पष्ट फरक करते आणि शक्य तिथे कमी हात लावण्याकडे तिचा कल आहे. मंदिराच्या दगडावर ऑइल पेंट फासल्यावर पुरातत्त्वाची माणसं का हळहळतात, ते ज्याला कळतं त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पैशाचा हिशेबही याच बाजूने झुकतो. केवळ समजण्यासाठी आकडे धरू. गाडी आहे तशी विकली तर १ लाख येतात. पूर्ण पुनर्बांधणीला ३ लाख खर्च येतो आणि मग ती साडेतीन लाखांना जाते. कागदावर किंमत अडीच लाखांनी वाढली, हातात मात्र आहे तशी विकण्यापेक्षा ५० हजार कमी आले आणि वर्षभर गॅरेजच्या फेऱ्या झाल्या त्या वेगळ्याच. प्रत्यक्ष आकडे गाडीगणिक बदलतील, पण रचना बहुतेकदा अशीच असते, कारण मजुरी आणि सुटे भाग विक्रेत्याला किरकोळ भावाने पडतात. संग्राहकाकडे स्वतःचा मिस्त्री असतो, दोन गाड्यांचे सुटे भाग पडलेले असतात. त्याला तेच काम निम्म्यात होतं. शिवाय त्याला रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असतो. ताज्या पुट्टीखाली किती गंज लपवला आहे, या शंकेने तो नव्या रंगाच्या गाडीला उलट कमी भाव सांगतो.

ज्या कामात पैसा घालणं पटतं, ते दिसत नाही असं काम आहे. ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, रेडिएटर, इंधनाची टाकी. चालू स्थितीतली आणि ब्रेक लागणारी गाडी ट्रकवर चढवता-उतरवता येते, आरटीओत तपासणीला नेता येते. टायर पाहताना खाच किती उरली यापेक्षा बाजूवरचा चार आकडी शिक्का पाहावा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा-बारा वर्षं उभ्या गाडीचा टायर खाच शाबूत असूनही आतून कडक झालेला असतो. फ्लोअरचा सडलेला पत्रा कापून नवा जोडणं हे दुरुस्तीत मोडतं, पण अख्खी बॉडी नवीन बनवून बसवणं हे व्याख्येतल्या ‘बदला’च्या अंगणात जातं. सीमारेषा नेमकी कुठे, ते तपासणारा अधिकारी ठरवणार. म्हणून काम सुरू करण्याआधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवावेत. काढलेला प्रत्येक भाग, गंजलेला असला तरी, पोत्यात भरून गाडीसोबत द्यावा. भंगारवाल्याला तो दोनशे रुपयांचा वाटतो. गिऱ्हाईकाला नाही.

ई-२० पेट्रोल आणि उभी गाडी

या सगळ्यात एक नवी अडचण २०२५ पासून आली आहे आणि जुन्या गाडीच्या विक्रेत्याने ती हलक्यात घेऊ नये. देशभरच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बुलढाण्यासारख्या मका पिकवणाऱ्या जिल्ह्याला इथेनॉलचं अप्रूप असणं स्वाभाविक आहे, मक्याला गिऱ्हाईक वाढलं. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरला हे इंधन ठाऊक नाही. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं किंवा ठिसूळ करतं, नळ्या आणि गॅस्केटं गळू लागतात. ते हवेतली ओल शोषून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत इंधन खपून जातं, त्यामुळे फारसं बिघडत नाही. सहा महिने उभ्या गाडीच्या टाकीत मात्र पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं होऊ शकतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते.

त्याआधीचा धक्का २००० साली बसला होता, तेव्हा शिसंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना शिशाचं वंगण लागायचं. ज्या इंजिनांचं हेड नंतर उघडून बैठकी बदलल्या, ती निभावली. ई-२० विरोधातली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली, तेव्हा पंपावर दुसरा पर्याय मिळण्याची आशा सध्या नाही. गाडी विकायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवणं आणि इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवणं, हा थोडक्या पैशांतला सर्वात फायदेशीर खर्च आहे. नळी बदलल्याने मूळपण जात नाही.

विकल्यावर कर लागतो का?

हा प्रश्न सहसा शेवटी विचारला जातो. खरं तर तो रंगाच्या आधी विचारायला हवा.

मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं. करदात्याने १९८३ मध्ये १९३१च्या मॉडेलची फोर्ड टूरर २०,००० रुपयांना घेतली होती आणि पुढे ती २१ लाखांना विकली. त्याचं म्हणणं, मोटार ही व्यक्तिगत वापराची वस्तू आहे आणि अशा वस्तूच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. आपण घरातलं कपाट किंवा नेहमीची कार विकतो तेव्हा कर भरत नाही, ते याच तरतुदीमुळे. २०२५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो त्याच्या विरोधात. गाडी व्यक्तिगत वापरासाठी योग्य असणं पुरेसं नाही. ती प्रत्यक्षात व्यक्तिगत वापरात होती हे दाखवावं लागेल, आणि ते दाखवता आलं नाही.

आता हा निकाल २०२१च्या नियमाशेजारी ठेवून पाहा. वाहतूक मंत्रालय म्हणतं, विंटेज म्हणून नोंदवलीस तर रोज वापरू नकोस. आयकराचा कायदा म्हणतो, वापरली नसशील तर कर भर. दोन्ही खाती आपापल्या जागी बरोबर असतील. पण ज्याने नियम पाळून गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये जपली, त्यालाच ‘व्यक्तिगत वापर’ सिद्ध करणं सर्वात कठीण जाणार. जतनाला प्रोत्साहन देण्याचा हेतू आहे म्हणायचं आणि जतन केल्याचीच अडचण करायची, ही विसंगती कुणीतरी दूर करायला हवी.

शेतकऱ्याच्या घरातली जीप मात्र इथे बऱ्या स्थितीत असते. ती शोभेला घेतलेलीच नसते. चाळीस वर्षं बाजारहाट, लग्नकार्यं, दवाखाना तिच्यावरच झाला. हे सिद्ध करायला जुन्या विमा पावत्या, दुरुस्तीची बिलं, एवढंच काय, वरातीतला फोटोही कामी येऊ शकतो. कर लागलाच तर २४ महिन्यांहून जास्त काळ बाळगलेल्या वस्तूवर दीर्घ मुदतीच्या नफ्याचा दर साडेबारा टक्के आहे. वारशाने आलेल्या गाडीला आधीच्या मालकाची खरेदी किंमत धरली जाते आणि ती २००१च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ची बाजारभावाची किंमत घेण्याचा पर्याय असतो. दुरुस्तीचा खर्च नफ्यातून वजा मागायचा तर त्याची बिलं हवीत. मिस्त्रीला रोख दिलेले आणि वहीत पेन्सिलीने लिहिलेले पैसे तिथे फारसे टिकत नाहीत. जुन्या गाड्यांवरच्या १८ टक्के जीएसटीची चर्चा २०२५च्या सुरुवातीला बरीच झाली. तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या मार्जिनवरचा कर आहे, घरची गाडी विकणाऱ्या सामान्य माणसाने त्याची धास्ती घेऊ नये.

कॅरव्हान आणि टुरिंग टॉकीजचा ट्रक

मराठी घरात ‘कारवाँ’ म्हटलं की आता जुन्या गाण्यांचा रेडिओ आठवतो. चाकांवरचं घर या अर्थाने कॅरव्हान आपल्याकडे कधी रुजलीच नाही. अमेरिकेत एअरस्ट्रीमच्या अॅल्युमिनियमच्या गाड्या, युरोपात १९५० पासूनची फोक्सवॅगनची व्हॅन, यांना दुरुस्त करून विकण्याचा तिथे मोठा धंदा आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. लोणार, सिंदखेडराजा आणि शेगाव एका जिल्ह्यात असताना आणि डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग वापरात असताना, जुनी मिनीबस घेऊन तिचं चाकांवरचं घर करण्याची कल्पना इथे कुणाला सुचली तर नवल नाही. पण तिथेही कलम ५२ आहेच. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी बसवली की वाहनाचा प्रकारच बदलतो आणि त्यासाठी मोटार कॅरव्हानचे वेगळे तांत्रिक मानक पाळावे लागतात. आधी गॅरेज आणि मग आरटीओ, हा क्रम महागात पडतो. आणि मागे ओढायची, स्वतःचं इंजिन नसलेली कॅरव्हान विंटेज वाहनाच्या व्याख्येत बसवणं तर त्याहून कठीण.

आपली खरी कॅरव्हान वेगळीच होती. जत्रेजत्रेत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजचे ट्रक, त्यांच्या पोटात प्रोजेक्टर, पडदा, भोंगे आणि माणसांची वळकटी. त्या जगाचा अस्त ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६च्या माहितीपटात टिपलेला आहे. हे ट्रक कधीच्या काळी वारसा ठरायला हवे होते. पण २०२१चा नियम व्यक्तिगत वापराच्या दुचाकी-चारचाकींपुरता आहे, मालवाहू ट्रकला त्यात जागा नाही. एखाद्याने असा ट्रक मूळ रूपात जपला असेल तरी त्याला व्हीए क्रमांकाची वाट मोकळी नाही, आणि भंगारवाल्याचा काटा मात्र कायम उभा आहे. वारसा म्हणजे श्रीमंताच्या दारातली मोटार, ही जुनी समजूत नियमातही शिरली आहे, असं म्हणायला जागा आहे.

भंगाराचा पर्याय कधी?

तो अगदीच टाकाऊ नाही. २०२१च्या धोरणानुसार अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढली तर नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के एवढी रक्कम मिळावी आणि ठेव प्रमाणपत्र दाखवून घेतलेल्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता यावी, अशी रचना आहे. कागद हरवलेली, इंजिन बदललेली, चेसिस सडलेली आणि विशेष कुणी न शोधणारं मॉडेल असलेली गाडी असेल तर भावनेपोटी तिच्यात पैसा ओतण्यापेक्षा हा मार्ग बरा. मात्र गावातल्या भंगारवाल्याला गाडी देऊन आरसी तशीच ठेवणं धोक्याचं आहे. नोंदणी रद्द होईपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच असता.

आधी नाव, मग रंग

बहुतेक व्यवहार शेवटी अडतात ते नावावर. गाडी आजोबांच्या नावे, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, वडिलांनी कधी नाव बदललं नाही. कायद्याने मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. हे राहून गेलं असेल तर बाकी वारसांची संमती, मृत्यूचा दाखला, विलंबाची रक्कम असं सगळं जमवूनच पुढे जाता येतं. चुलत भावंडं पुणे-मुंबईला पांगलेली असली की यात रंगकामापेक्षा जास्त महिने जातात. आरसी बुक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ने दुय्यम प्रत मागावी. जुनी नोंद संगणकावर आलेली नसेल तर मूळ रजिस्टरमधून ती शोधून चढवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी बुलढाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या एमएच-२८च्या कार्यालयात, एकाहून जास्त फेऱ्या ठरलेल्या.

म्हणून शेडमधल्या जीपवर पहिला हात पॉलिश पेपरचा नसावा. चेसिसवर साठलेलं ग्रीस घासलेटाच्या फडक्याने पुसावं, क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासावी, इंजिनच्या ब्लॉकवरचा क्रमांकही तसाच उतरवून घ्यावा आणि दोन्ही कागद आरसीशेजारी ठेवून बघावेत. विक्री ठरलीच तर नेहमीच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या होतात. विंटेज नोंदणीच्या गाडीच्या बाबतीत खरेदीदार आणि विक्रेता, दोघांनीही आपापल्या राज्याच्या परिवहन अधिकाऱ्यांना व्यवहारापासून ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं.